कॉफी गार, उपदेश गरम

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या, स्वतंत्र कॅफेचं आहे. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर सात टेबलं आणि ओसरीत दोन बाकं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मालकीण पस्तिशीतली, आयटीतली नोकरी सोडून 2023 साली या धंद्यात उतरलेली. हाताखाली एक बरिस्ता (यंत्रावर कॉफी करणारा) आणि बिल करण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं बघणारा एक मदतनीस. छोट्या खाद्यव्यवसायांच्या कामाची घडी बसवून देणं हे माझं काम, त्या निमित्ताने मला तिथे बोलावलं गेलं.

कॉफीच्या बाबतीत इथे हयगय नव्हती. चिकमंगळूरच्या एका मळ्यातली अरेबिका जातीची कॉफी, मध्यम भाजलेली. भाजल्याची तारीख पाहून आठवडाभर मुरू द्यायची आणि महिन्याच्या आत संपवायची. बरिस्ता लातूरकडचा, बंगळुरूत शिकून आलेला. 18 ग्रॅम पूड, तिच्यातून 36 ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंदांत, हे तो रोज सकाळी काट्यावर तपासून घ्यायचा आणि हवा दमट झाली की ग्राइंडर नव्याने लावायचा. असा माणूस या पगारात मिळणं हे त्या मालकिणीचं नशीब होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. दुपारी लॅपटॉपवाली तरुण मंडळी, सकाळी वेताळ टेकडीवरून उतरून येणारे ज्येष्ठ. त्यातला सहा-सात जणांचा एक कट्टा जवळजवळ रोजचा. त्यांना कॉफीइतकीच ओसरीतली सावली आवडायची. त्यांची जीभ घडली ती अमृततुल्यच्या उकळत्या चहावर आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीतल्या फिल्टर कॉफीवर. पेय कपात पडलं की वाफ दिसली पाहिजे, पहिला घोट फुंकर मारून घेतला पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

तक्रार

एप्रिल 2025. कट्ट्यातल्या एका काकांनी कॅपुचिनोचा (फेसाळ दुधाच्या कॉफीचा) कप काउंटरवर बरिस्त्यासमोर परत आणून ठेवला.

"अरे, ही गार आहे. जरा गरम करून दे."

"काका, कॅपुचिनो अशीच असते. जास्त तापवली की दुधाची चव जाते."

"चव मला कळते रे. साठ वर्षं कॉफी पितोय मी. गरम करून दे."

"परत नाही तापवता येत काका, फेस बसतो. गरमच हवी असेल तर तुम्ही बिनदुधाची अमेरिकानो घ्या ना."

मागे चार माणसं रांगेत होती. काकांनी कप तिथेच ठेवला आणि ते गेले. पैसे आधीच दिलेले होते.

पोराचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. दूध साठ ते पासष्ट अंशांपर्यंत तापवलं की गोडसर लागतं आणि फेस मऊ, चकचकीत येतो. सत्तरीच्या पुढे त्यातली व्हे प्रथिनं (दूध फाटल्यावर पाण्यात उरणारी) बिघडायला लागतात, उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेस खरबरीत होतो. एकदा तापवलेलं दूध पुन्हा वाफेखाली धरलं तर त्याची रयाच जाते. पण काकांनी कारण विचारलंच नव्हतं. त्यांना कॉफी हवी होती आणि मिळाला तास.

रात्री रिव्ह्यू आला. एक स्टार आणि चार शब्द: "कॉफी गार, उपदेश गरम." (पुणेकराने तक्रार करावी आणि तिला अनुप्रासाची धार नसावी, हे होणे नाही.)

रात्रीचं उत्तर

मालकिणीने ते रात्री साडेअकराला वाचलं आणि तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. इंग्रजीत, चार परिच्छेद. दुधाचं तापमान, प्रथिनं, जगभरची पद्धत, सगळं मुद्देसूद. शेवटी एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: आमची कॉफी सगळ्यांसाठी नसेल, पण ज्यांना समजते त्यांच्यासाठी ती नक्की आहे.

सकाळपर्यंत त्या उत्तराचा स्क्रीनशॉट आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होता. "म्हणजे आम्हाला समजत नाही" एवढाच त्याचा सारांश उरला होता. पुढच्या काही दिवसांत आणखी एक-स्टारवाले रिव्ह्यू आले, त्यातले काही कॅफेची पायरीही न चढलेल्यांचे. मालकिणीने उत्तर काढून टाकलं, पण स्क्रीनशॉट काढून टाकता येत नाही. कट्टा समोरच्या चौकातल्या टपरीवर जायला लागला आणि सकाळी साडेसात ते साडेनऊची ओसरी रिकामी पडली. या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो कोणी विचार करून घेतलेलाच नव्हता. दिवसभर उभं राहून थकलेल्या माणसाने अंथरुणावर पडून घेतलेला निर्णय होता तो.

मला बोलावलं तेव्हा कॅफेत दोन तट पडलेले होते. बरिस्ता म्हणत होता, "ताई, आपण चुकलेलो नाही." मदतनीस म्हणत होता, "काकांना गरम पाहिजे तर द्यायची की गरम." मालकिणीला दोघांचंही पटत होतं.

मोजून पाहिलं तेव्हा

वाद तापमानाचा, पण तापमान कोणी मोजलं नव्हतं. बरिस्ता मोजायचा ते दूध तापवायच्या भांड्यातल्या, म्हणजे जगमधल्या, दुधाचं, प्यायला मिळणाऱ्या कॉफीचं नाही. म्हणून एका सकाळी स्वयंपाकघरातला साधा सुईचा थर्मामीटर घेऊन प्रत्येक टप्प्याला नोंद केली.

जगमध्ये दूध 62 अंश. कपात ओतल्यावर 54. गिऱ्हाइकाने कप उचलला तेव्हा 49.

म्हणजे बरिस्ता 62 ची बाजू लढवत होता आणि काका 49 बद्दल बोलत होते. दोघेही खरे.

पहिले आठ अंश कपाने खाल्ले होते. जाड चिनी मातीचा कप चांगलाच वजनदार असतो. तो गार असेल तर कॉफी पडल्या पडल्या स्वतः तापण्यासाठी तिच्यातली उष्णता ओढून घेतो. म्हणूनच एस्प्रेसो यंत्राच्या डोक्यावर कप ठेवायची जागा असते. खाली बॉयलर असल्याने ती कायम उबदार राहते. इथे त्या जागेवर काय होतं? मनी प्लँटची दोन कुंडीवजा भांडी आणि विक्रीसाठी मांडलेली कॉफीची पाकिटं. इंटीरिअर करणाऱ्याने फोटोत छान दिसतं म्हणून तशी मांडणी केली होती आणि कप गेले होते एसीच्या थेट झोताखालच्या उघड्या फळीवर. विक्रीची कॉफी उबेत आणि कप गारठ्यात! भाजलेल्या कॉफीलाही ती ऊब मानवत नाही, सुवास लवकर उडतो, तो वेगळाच तोटा.

पुढचे पाच अंश काउंटरवर गेले. कॅफेत स्वयंसेवा. कॉफी झाली की बरिस्ता नाव पुकारायचा, गिऱ्हाईक येऊन कप घेऊन जायचं. दुपारच्या मंडळींना हे अंगवळणी पडलेलं. सकाळचा कट्टा मात्र बाहेर ओसरीत, आत ग्राइंडरचा खरखराट, वर गाणी, आणि दोघा-तिघांच्या कानांना मुळातच कमी ऐकू येणारं. त्या सकाळी एका आजोबांचं नाव तीनदा पुकारलं गेलं. ते गप्पांत होते. शेवटी रांगेतल्या एका मुलीने बाहेर जाऊन "आजोबा, तुमची कॉफी झालीये" असं सांगितलं. तोवर कप चार मिनिटं तिथेच बसून होता आणि फेसावर काढलेलं पान विरघळून त्याचा ढग झाला होता.

या नोंदीनंतर बरिस्त्याचा सूर बदलला. "49 ला मी स्वतः पण नाही पिणार," तो म्हणाला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. त्याने आपलं तत्त्व सोडलं नव्हतं. त्याच्या तत्त्वाला धरूनच कॉफी गार निघाली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पाटीचा. "आमच्याकडे कॉफी 62 अंशांवरच दिली जाते" अशी पाटी लावायची कल्पना मालकिणीच्या एका मित्राने मांडली. पुण्यात पाटी लिहिण्याचा मोह कोणाला होत नाही! पाटी वाचून लोक हसतात, फोटो काढतात, पुढे पाठवतात. पण कॅफेचं आधीच एक वाक्य फिरत होतं, दुसरं फिरवायची गरज नव्हती. तो विचार तिथेच मोडीत काढला.

दुसरा पर्याय सरसकट सगळं दूध पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवण्याचा. मदतनिसाचा कौल याला. सकाळची तक्रार मिटली असती, पण दुपारचं गिऱ्हाईक तुटलं असतं, कारण ते याच गोडसर दुधासाठी लांबून यायचं. शिवाय बरिस्त्याला रोज स्वतःच्या हाताने खराब कॉफी करायला लावणं म्हणजे त्याला "दुसरीकडे बघ" असं सांगण्यासारखंच होतं.

तिसरा पर्याय ऑर्डर घेतानाच विचारायचा: नेहमीची की जास्त गरम? जास्त गरम म्हणजे 68-70 अंश, त्याच्या वर नाही.

चौथा पर्याय फिल्टर कॉफीचा, आणि इथे खरी घासाघीस झाली. मालकिणीची भीती अशी की 190 रुपयांच्या कॅपुचिनोशेजारी 70 रुपयांची फिल्टर कॉफी ठेवली की सगळे तीच मागतील आणि कॅफेचं उडपी हॉटेल होईल. बरिस्त्याचा आक्षेप चिकोरीला, म्हणजे फिल्टर कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीला. इतकी निगुतीने भाजलेली अरेबिका आणि तिच्यात चिकोरी? पण चिकोरीशिवाय ती दाट, काळपट, जिभेवर रेंगाळणारी चव येत नाही, आणि ज्येष्ठांना तीच हवी होती. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे. बाजारात त्या रेषेला टेकलेली मिश्रणंही मिळतात. इथे 80-20 वर तडजोड झाली.

फिल्टर कॉफीच्या बाजूने माझा एक मुद्दा होता, तो तिच्या भांड्याचा. स्टीलचा पेला आणि डवरा (त्याच्याखालची खोलगट वाटी) हाताला चटका देतात. कान असलेला चिनी मातीचा कप बोटांना काहीच कळू देत नाही. कॉफी गरम आहे हे माणूस ओठांच्या आधी बोटांनी ठरवतो. त्यामुळे सारख्याच तापमानाची कॉफी पेल्यात जास्त गरम वाटते. आणि डवऱ्यात ओतून आपल्याला हवी तेवढी निववता येते. बरिस्त्याशी वाद घालायचं कारणच उरत नाही.

काय केलं

कुंड्या खिडकीत गेल्या, कप यंत्राच्या डोक्यावर आले. याला खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटं. सकाळी साडेनऊपर्यंत स्वयंसेवा बंद. मदतनीस कॉफी टेबलावर नेऊन देणार. पुन्हा मोजलं तेव्हा जगमध्ये तेच 62 अंश असलेली कॉफी ओसरीतल्या बाकावर 58 ला पोचत होती. दुधाला हात न लावता नऊ अंश परत मिळाले होते.

फिल्टर कॉफी सुरू झाली, फक्त सकाळी अकरापर्यंत. डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) रोज ताजं, आदल्या रात्रीचं वापरायचं नाही, हा बरिस्त्याचा हट्ट मान्य झाला.

बिलाचीही एक तक्रार त्याच आठवड्यात आली होती, ती इथे थोडक्यात. मेन्यूवर 190, बिलात अडीच-अडीच टक्के सीजीएसटी-एसजीएसटी धरून 199.50, पूर्णांकात 200. कोणीतरी "वरचे दहा रुपये सर्व्हिस चार्ज लावतात" असं लिहिलं. मार्च 2025 च्या शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने सर्व्हिस चार्जची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला होता; ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगत होती. बातमी ताजी असल्याने लोक बिल निरखून बघत होते. कॅफे सर्व्हिस चार्ज घेतच नव्हता. उपाय सोपा होता: मेन्यूवर करासकट 200 छापले. क्यूआर कोडच्या जोडीला मोठ्या अक्षरातला मराठी मेन्यूही त्याच वेळी छापून घेतला. बिलाची तक्रार पुन्हा आली नाही.

रिव्ह्यूला नवं उत्तर मराठीत लिहिलं. "काका, तुमचं बरोबर होतं. कप गार होते आणि कॉफी तुमच्यापर्यंत उशिरा पोचत होती. दोन्ही दुरुस्त केलं आहे. आता फिल्टर कॉफीही मिळते." बस्स. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' नाही, फुकट कॉफीचं आमंत्रण नाही. फुकट देऊ केलं की माणसाला वाटतं आपलं तोंड बंद करायला बघतायत.

मात्र "जास्त गरम" चं बटण ज्या पद्धतीने आलं ते फसलं. मालकिणीने एका रात्री बिलिंगच्या टॅबवर "एक्स्ट्रा हॉट" असा पर्याय टाकला आणि मदतनिसाला सांगितलं की प्रत्येकाला विचार. बरिस्त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्राजवळच्या स्क्रीनवर ऑर्डर उमटली तेव्हा. तो काही बोलला नाही. त्याने करून दिली. पण त्या दिवसापासून तो मालकिणीला "ताई" ऐवजी "मॅडम" म्हणायला लागला.

परिणाम

कट्टा हळूहळू परत आला, सगळा नाही. ज्यांनी रिव्ह्यू लिहिला ते काका बरेच दिवस फिरकले नाहीत. पावसाळ्यात एकदा सुनेबरोबर आले, फिल्टर कॉफी प्याले, मराठी मेन्यूतली शुद्धलेखनाची एक चूक दाखवून गेले. त्यांचा एक स्टार तसाच आहे. मालकिणीने मेन्यू पुन्हा छापला.

"एक्स्ट्रा हॉट" मागणारे अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. कप गरम आणि कॉफी वेळेवर असली की बहुतेकांना नेहमीचीच पुरते. जे मागतात ते रोज मागतात आणि मदतनिसाला त्यांची तोंडं पाठ झाली आहेत, त्यामुळे प्रत्येकाला विचारायची पद्धत आपोआप बंद पडली.

फिल्टर कॉफीने मालकिणीची भीती अर्धी खरी केली. सकाळी ती सगळ्यात जास्त खपते आणि सरासरी बिल खाली आलं. पण ती कॅपुचिनोचं गिऱ्हाईक खाऊन खपत नाही, टपरीवर जाणारं गिऱ्हाईक आत ओढून खपते. तिच्याबरोबर बन मस्का आणि खारी जाते आणि त्यात बरा पैसा सुटतो. अडचण निघाली ती वेगळीच: 70 रुपयांच्या एका पेल्यावर कट्टा दीड-दोन तास बसतो आणि शनिवार-रविवारी बाहेर माणसं ताटकळतात. सध्या ओसरी कट्ट्याची आणि आतली टेबलं बाकीच्यांची असा अलिखित करार आहे. जोराचा पाऊस आला की तो मोडतो.

बरिस्ता गणपतीनंतर सोडून गेला. कोरेगाव पार्काकडच्या एका कॅफेत त्याला पगार जास्त मिळाला, हे खरंच आहे. पण निघताना त्याने जे सांगितलं त्यात पगार नव्हता: "मला विचारलं असतं तर मीच ते बटण टाका म्हणालो असतो." नवी मुलगी शिकते आहे. तिची कॅपुचिनो अजून त्याच्यासारखी होत नाही आणि दुपारची मंडळी ते बोलून दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

काउंटरवर त्या सकाळी "काका, दुसरी करून देऊ का, गरम कपात?" एवढं म्हटलं असतं तर कॅफेला एका कपाचं दूध आणि 18 ग्रॅम कॉफी यापलीकडे काही लागलं नसतं. पण ते म्हणायची मुभा बरिस्त्याला होती का? नव्हती. परत आलेल्या कपाचं काय करायचं, फुकट दुसरा द्यायचा तर कोणाला विचारायचं, हे कधी ठरलेलंच नव्हतं. पोराने उपदेश केला कारण त्याच्या हातात तेवढंच होतं. आता नियम असा आहे की दिवसाला तीन कपांपर्यंत काउंटरवरच्या माणसाने न विचारता बदलून द्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. ती वही मालकीण आठवड्याने वाचते. रिव्ह्यूंपेक्षा तिच्यातून जास्त कळतं, कारण रिव्ह्यू रागावलेला किंवा फार खूश झालेला माणूस लिहितो. वहीत मधले सगळे येतात.

रात्रीच्या उत्तराबद्दल मालकिणीचं आणि माझं एकमत नाही. ती म्हणते उत्तर द्यायलाच नको होतं. मला वाटतं द्यायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडून, तीच कॅपुचिनो स्वतः ओसरीत बसून पिऊन झाल्यावर. तिने गेल्या दोन वर्षांत आपल्या कॅफेतली कॉफी नेहमी यंत्राजवळ उभं राहून प्यायली होती, जिथे ती कधीच गार नसते.

आणि बरिस्त्याचं. मोजणीच्या सकाळी तो आमच्याबरोबर होता, आकडे त्यानेच लिहून घेतले होते, चिकोरीवर तो भांडला आणि त्याचं अर्धं ऐकलंही गेलं. नेमक्या त्याच्या हाताच्या कामाशी जोडलेल्या बटणाच्या वेळी तो वगळला गेला. मालकिणीला तेव्हा वाटलं होतं की तो नाही म्हणेल, म्हणून विचारलंच नाही. नव्या मुलीच्या बाबतीत दुधाचा ब्रँड बदलायचा विचार सध्या चालू आहे. दोन पाकिटं आणून तिच्याच हातून दोन्हींचा फेस करून बघायचं ठरलं आहे.